ती खोटं बोलत नव्हती

'डोळ्यांनी बघितलंय ना तिनं, मग अजून काय पुरावा पाहिजे?' कुठल्याही खून खटल्याची चर्चा निघाली की हे कुणीतरी म्हणतंच. त्यांना माझं एकच उत्तर असतं. जालन्याचा निकाल वाचा.

जून २००३. जालना जिल्ह्यात शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला. पाच खून, वर बायकांवर अत्याचार. जखमी होऊन वाचलेल्यांत घरातली एक बाई होती. भटक्या जमातीतल्या, मजुरी करून पोट भरणाऱ्या सहा जणांना पोलिसांनी पकडलं. तिनं त्यांना ओळखलं आणि २००६ मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांचीही पुन्हा फाशी केली. त्यातला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही नंतर सिद्ध झालं.

मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयानं स्वतःचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं.

कारण काय, तर घटनेनंतर लगेचच पोलिसांनी त्या बाईला गुन्हेगारांच्या फोटोंची फाईल दाखवली होती आणि तिनं त्यातले चार जण ओळखले होते. ते चौघे म्हणजे हे आरोपी नव्हेत, वेगळेच लोक! त्या चौघांवर कधी खटलाच चालला नाही. २०१९ च्या खंडपीठानं या एका गोष्टीला जे वजन दिलं, ते आधीच्या तिन्ही न्यायालयांनी दिलं नव्हतं.

यावर लोक लगेच त्या बाईला खोटारडी ठरवतात. मला ते अजिबात पटत नाही. डोळ्यांदेखत घरची माणसं मारली गेलेली बाई कशाला खोटं बोलेल? पण रात्रीच्या वेळी, जिवाच्या भीतीनं पाहिलेला अनोळखी चेहरा मनात पक्का राहत नाही. नंतर पोलीस 'आरोपी सापडले' म्हणून सांगतात, ओळख परेडीत एक चेहरा दिसतो, मग काही वर्षांनी तोच चेहरा आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतो. दर वेळी खात्री वाढत जाते. कोर्टात साक्षीदार छातीठोकपणे 'हाच तो' म्हणतो तेव्हा तो खरंच तसं मानत असतो. म्हणून तर उलटतपासणीतही तो डगमगत नाही. खोटा साक्षीदार वकिलाच्या तावडीत सापडू शकतो, प्रामाणिकपणे चुकलेला कसा सापडणार?

म्हणून माझं मत असं, की साक्षीदारानं सगळ्यात आधी कुणाला ओळखलं, किंवा कुणालाच ओळखलं नाही, हाच खरा पुरावा. कोर्टातली ओळख हा निव्वळ उपचार आहे. समोर पिंजऱ्यात पोलिसांच्या पहाऱ्यात एकच माणूस उभा असताना बोट दुसऱ्या कुणाकडे जाणार? साक्षीपुराव्याचा कायदा सांगतो की साक्षीदार किती, याला महत्त्व नाही, एकाच्या साक्षीवरही शिक्षा होऊ शकते. तत्त्व म्हणून ते बरोबरच आहे, कारण कित्येक खुनांना एकच साक्षीदार असतो. पण मग त्या एकाचा पहिला जबाब काचेसारखा स्वच्छ समोर यायला हवा. तपास अधिकाऱ्याला गैरसोयीचा असेल तर जास्तच.

सहा जणांची प्रत्येकी पाच लाख भरपाईवर बोळवण झाली. तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून कारवाई करा, असंही न्यायालयानं राज्य सरकारला सांगितलं. दरम्यान सोळा वर्षं गेली होती, त्यातली बरीचशी फाशीच्या छायेत. आणि त्या कुटुंबाला तरी काय मिळालं? त्यांच्या माणसांना कुणी मारलं, हे आजही कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. 'फाशी द्या, फाशी द्या' म्हणणाऱ्यांनी निदान याचा तरी विचार करावा.

२०२३ च्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी तपास आणि खटला कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या कायद्यात, झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय. ओळख परेडीचं चित्रीकरण मात्र ओळखणारा साक्षीदार दिव्यांग असेल तरच बंधनकारक. मोबाईल जप्त करताना कॅमेरा लागतो, मग माणूस ओळखताना तो सगळ्यांसाठी का नको? फोटोंची फाईल दाखवतानाही हवाच, आणि ते चित्रीकरण आरोपीच्या वकिलाला पहिल्याच तारखेला मिळायला हवं.