रद्द झालेला आयटम नंबर पुन्हा वापरू नका

चाकणच्या एका कारखान्यात नुकत्याच लागलेल्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक फॉरवर्ड पाठवला आणि विचारले, ‘मामा, हे बरोबर आहे ना? सोमवारी गिअरबॉक्सच्या असेंब्ली ड्रॉइंगला असेच नंबर लावायचे आहेत.’ डिझाइनवाल्यांच्या गटांतून फिरणाऱ्या त्या संदेशात चार नियम आहेत: दर रिव्हिजनला, म्हणजे ड्रॉइंगच्या दर सुधारित आवृत्तीला, बीओएमचे (ड्रॉइंगमधल्या भागांच्या यादीचे) आयटम नंबर नव्याने लावून मधला खंड भरून काढावा, क्रम मोठ्या भागाकडून लहान भागाकडेच जावा, कारण मानक तसे सांगते, आयटम नंबर असला की पार्ट नंबरची (भागाच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाची) गरज नाही, आणि यादीचा तक्ता खालून वर भरणे ही जुनी चूक आहे.

पहिला नियम वाचून मला खरोखर संताप आला. भाच्याच्या ड्रॉइंगमध्ये 14 वर सर्क्लिप (भाग जागेवर धरून ठेवणारी कडी), 15 वर ऑइल सील (तेल गळू न देणारी कडी) आणि 16 वर बेअरिंग आहे. नव्या रिव्हिजनमध्ये सर्क्लिप जाऊन तिचे काम दुसरीकडे बसणारा स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारा तुकडा) करणार आहे. नंबर नव्याने लावले की ऑइल सील 14 होते आणि बेअरिंग 15. ड्रॉइंग पाहणाऱ्याला त्यात काहीच वावगे दिसत नाही. पण फिटरच्या टेबलावर लावलेल्या कार्यसूचनेत ‘आयटम 15 च्या ओठाला ग्रीस लावून ते बसवावे’ असे लिहिलेले असते, आणि ग्राहकाकडच्या सुट्या भागांच्या पुस्तिकेतही जुनेच आकडे छापलेले असतात. मी पूर्वी नोकरीला होतो तिथे नेमके हेच घडले. ग्राहकाने फोनवर ‘15 नंबर पाठवा’ म्हणून सांगितले, स्टोअरने नवे ड्रॉइंग पाहून बेअरिंग पाठवले, आणि गळणारे सील तसेच राहून मशीन चार दिवस बंद पडले. चूक ना स्टोअरची होती, ना ग्राहकाची. एकच आकडा दोन कागदांवर दोन वेगळ्या वस्तूंचा झाला होता.

आयटम नंबर चढत्या क्रमाने द्यावेत असे आयएसओ 6433 हे ड्रॉइंगवरच्या भागांच्या क्रमांकांचे आंतरराष्ट्रीय मानक म्हणते, एवढे मला मान्य करावे लागते. ड्रॉइंग पहिल्यांदा मंजूर होईपर्यंत नंबर हवे तितक्या वेळा बदलावेत, त्याने कुणाचे नुकसान होत नाही. एकदा ते शॉपमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी, गेले की मात्र त्या आकड्यावर इतर कागद उभे राहतात. सॉलिडवर्क्स या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आयटम नंबर न बदलू देण्याची सोय याचसाठी आहे. एसएपी या कारखान्याच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरमध्ये बीओएमच्या ओळी सहसा 0010, 0020, 0030 अशा येतात, त्यामुळे मागाहून मध्ये ओळ घालताना बाकीच्या हलवाव्या लागत नाहीत.

दुसऱ्या नियमाला मानकाचा आधार दिला आहे, पण तेच आयएसओ 6433 क्रमासाठी तीन वाटा देते: जोडणीचा क्रम, भागांचे महत्त्व किंवा दुसरा कोणताही तर्कसंगत क्रम. मोठ्याकडून लहानाकडेच जाण्याची सक्ती त्यात नाही. गिअरबॉक्ससाठी मी स्वतः जोडणीचा क्रम घेतो, म्हणजे फिटर बलून (ड्रॉइंगवर भागाशेजारी आयटम नंबर दाखवणारे गोल) पाहत पाहत काम करू शकतो.

तिसऱ्या नियमावर फार लिहावेसे वाटत नाही. एम8 चा एकच बोल्ट एका ड्रॉइंगमध्ये 7 असतो, दुसऱ्यात 22 असतो. खरेदी होते ती पार्ट नंबरवर, आणि आयटम नंबर म्हणजे त्या एका ड्रॉइंगमधला पत्ता.

चौथा नियम अर्धाच खरा आहे. भागांच्या यादीचे मानक असलेल्या आयएसओ 7573 नुसार वेगळ्या पानावरची यादी वरून खाली जाते, पण ड्रॉइंगवरच असलेली यादी टायटल ब्लॉकच्या (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या नाव-माहितीच्या चौकटीच्या) डोक्यावरून वर चढते, म्हणजे नवी ओळ आली तरी खालच्या ओळी जागच्या जागी राहतात.

म्हणून भाच्याला मी एवढेच कळवले आहे: 14 ची ओळ काढू नकोस, तिच्यात ‘रिव्हिजन सी पासून रद्द’ असे लिही, ड्रॉइंगवरचा तिचा बलून काढून टाक, 15 आणि 16 ला हात लावू नकोस, आणि तुझी यादी 31 वर संपते तेव्हा स्पेसरला 32 दे.