रोमेल, पेट्रोल आणि वीस लिटरचा जेरीकॅन

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावातल्या भरती अकॅडमीच्या पोरांनी मला एक मेसेज दाखवला. पहाटेची सोळाशे मीटरची धाव संपली होती, पोरं मैदानाच्या कडेला धापा टाकत बसली होती, आणि एकानं मोबाईल पुढं केला. "काका, हे खरंय का वो? सगळ्या ग्रुपवर फिरायलंय."

मेसेज जर्मन सेनापती एर्विन रोमेलवर होता. दुसऱ्या महायुद्धातला सगळ्यात मोठा सेनापती कोण, तर रोमेल, वाळवंटातला कोल्हा, असं ठोकून सांगितलेलं. मूठभर रणगाड्यांच्या जोरावर त्यानं कायम दुप्पट-तिप्पट इंग्रज फौज हरवली. शत्रूच्या मनात काय आहे ते त्याला आधीच कळायचं. इटालियन सैनिक भित्रे निघाले. खुद्द चर्चिलनं त्याला महान म्हटलं. आणि तो हरला तो फक्त पेट्रोल संपलं म्हणून, नाहीतर थेट सुवेझ कालव्यापर्यंत गेला असता. शेवटी तो हिटलरवर उलटला, हेही त्यात होतं.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये सतरा वर्षं गाडी चालवली आणि हवालदार म्हणून पेन्शन आलो. रसद पोचवणं हेच माझं काम होतं. त्यामुळं "फक्त पेट्रोल संपलं म्हणून" हे वाचलं आणि मला राहवेना. ही पोरं उद्या वर्दी घालणार आहेत. त्यातली निम्मी तरी लढाईच्या नाही, गाडीच्या, लंगराच्या, स्टोअरच्या कामाला लागतील. ते काम दुय्यम आहे असं कुणी त्यांच्या डोक्यात भरवलेलं मला चालणार नाही.

आधी ते "कायम हरवलं". रोमेल १२ फेब्रुवारी १९४१ ला उत्तर आफ्रिकेत, लिबियातल्या त्रिपोलीत उतरला. त्याच्या आधीच्या दहा आठवड्यांत रिचर्ड ओकॉनर नावाच्या इंग्रज सेनापतीनं साधारण ३६,००० माणसांनिशी जर्मनांचा दोस्त असलेल्या इटलीची अख्खी दहावी सेना मोडून काढली होती आणि १,३०,००० कैदी धरले होते. त्यातला पहिला तडाखा, सिदी बरानीचा, आपल्या चौथ्या इंडियन डिव्हिजननं दिला. थोड्यांनी पुष्कळांना हरवणं हेच मोजमाप असेल तर ओकॉनरचं नाव वर यायला हवं, पण मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. मग यातली चांगली फौज इंग्रजांनी ग्रीसला पाठवली, आणि रोमेलसमोर उरली ती कच्ची, अर्धवट सामानाची फळी. ती त्यानं झपाट्यानं मागं रेटली, हे खरं. पण एप्रिलमध्ये टोब्रुक बंदराच्या तटबंदीवर त्यानं दोनदा धडक मारली आणि दोन्ही वेळा मार खाल्ला. वर्षअखेरीस इंग्रजांच्या क्रुसेडर मोहिमेत तो हरला आणि जिथून निघाला होता तिथं, एल अघैलापर्यंत, परत गेला. गझालाची लढाई, मे-जून १९४२, ती मात्र त्याची. तिथं इंग्रजांकडं रणगाडे जास्त होते आणि तरी त्यानं त्यांना हरवलं. २१ जूनला टोब्रुक पडलं, सुमारे ३३,००० माणसं कैद झाली. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटणही होती. त्या लढाईत रोमेल मोठा होता, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. त्यानंतर जुलैत, ऑगस्टअखेरीस आणि ऑक्टोबरात अशा तिन्ही वेळा तो इजिप्तमधल्या अल अलामीनपाशी अडला.

मनातलं ओळखण्याचं म्हणाल तर त्यात जादू नव्हती. कैरोतल्या अमेरिकन लष्करी प्रतिनिधीचे, बॉनर फेलर्सचे, वॉशिंग्टनला जाणारे सांकेतिक संदेश रोमेलच्या बाजूला वाचता येत होते. इंग्रज कुठं आहेत, किती आहेत, पुढं काय करणार, हे त्यात सविस्तर असायचं. जून १९४२ च्या अखेरीस ते बंद झालं. शिवाय रोमेलकडं इंग्रजांचे वायरलेस ऐकणारी एक तरबेज तुकडी होती, ती १० जुलै १९४२ ला तेल अल ईसापाशी पकडली गेली. हे दोन्ही कान महिन्याभराच्या आत गेले, आणि त्यानंतर त्याला "आधीच कळणं" थांबलं.

इटालियन भित्रे, हे वाक्य तर मला फार लागलं. रोमेलच्या सैन्यात निम्म्याहून जास्त माणसं इटालियन होती, आणि त्याच्यासाठी समुद्र ओलांडून माल आणणारे खलाशीही बहुतेक इटालियनच. १९ नोव्हेंबर १९४१ ला बीर अल गुबीला आरिएते या इटालियन डिव्हिजननं इंग्रजांची चिलखती ब्रिगेड थोपवली. अलामीनच्या माघारीत तीच आरिएते ४ नोव्हेंबर १९४२ ला लढत लढत संपली. मागं राहिलेल्या इटालियन पायदळाकडं पळायलाही गाड्या नव्हत्या. एरिट्रियात केरेनला मराठा पलटणी याच इटालियनांशी लढल्या. तो डोंगर घ्यायला १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जवळजवळ आठ आठवडे लागले. समोरचा भित्रा असता तर इतके दिवस लागले नसते.

आता पेट्रोल. इथं मी जरा थांबणार आहे.

आमच्याकडं २०१६ च्या उन्हाळ्यात काय झालं ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, जलदूत. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. मिरजेला कृष्णेचं पाणी होतंच की. पाणी नव्हतं असं नाही, ते साडेतीनशे किलोमीटर इकडं आणणं हाच प्रश्न होता. आणि स्टेशनात गाडी आली म्हणून घरातला हंडा भरत नाही. तिथून विहीर, विहिरीवरून टँकर, टँकरवरून गल्ली, तेव्हा कुठं रांगेतल्या बाईच्या घागरीत धार पडते. रोमेलचं दुखणं अगदी हेच होतं. इटलीहून निघालेला बहुतेक माल लिबियाच्या बंदरात उतरत होता. अडचण होती ती बंदरापासून पुढं.

त्रिपोली ते अल अलामीन हा रस्ता दोन हजार किलोमीटरच्या आसपास. लातूरहून जम्मू गाठण्याइतका. मध्ये बेनगाझी आणि टोब्रुक ही बंदरं होती, पण ती लहान आणि बॉम्बच्या टप्प्यात. रेल्वे जवळजवळ नाहीच. हिशोब माझ्या तीन टनी गाडीचा घ्या. भरलेला जेरीकॅन साधारण वीस किलोचा, म्हणजे गाडीत दीडशे कॅन, ३,००० लिटर पेट्रोल. गाडी लिटरला चार किलोमीटर देते असं धरलं तर जाऊन-येऊन चार हजार किलोमीटरला १,००० लिटर तीच पिते. तिसरा हिस्सा वाटेतच संपला, तोही चांगल्या डांबरी रस्त्यावर. वाळूत, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, विमानांच्या भीतीनं रात्री दिवे बंद ठेवून चालताना किती जात असेल ते ज्यानं कॉन्व्हॉय नेलाय त्यानं मनात मांडावं. टायर फुटतात, एअर फिल्टर वाळूनं बुजतात, ड्रायव्हर झोपेनं कलंडतात. पुढं जितकं जाल तितकं मागचं शेपूट लांबतं, आणि शेपूट लांबलं की तेच सगळं खातं.

हे रोमेलला कुणी सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. त्याला पाठवलं होतं ते लिबिया राखायला. त्यानं हुकूम मोडून चढाई केली. एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनहून जनरल पाउलुसला मुद्दाम पाहणीला धाडलं, कारण वरच्यांना हीच धास्ती होती, की हा माणूस आपल्या रसदीच्या पुढं पळतोय. टोब्रुक पडल्यावर ठरलेला बेत असा होता की आधी माल्टा बेट घ्यायचं, कारण तिथलीच विमानं आणि पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. तिथला वरिष्ठ जर्मन सेनापती केसलरिंग त्याच मताचा होता. रोमेलनं हिटलरकडून थेट इजिप्तमध्ये घुसायची परवानगी मिळवली आणि माल्टा मागं पडलं. चार महिन्यांनी, २६ ऑक्टोबरला, ऐन अलामीनच्या लढाईत त्याचं पेट्रोल घेऊन येणारं प्रॉसर्पिना जहाज टोब्रुकजवळ बुडवलं गेलं. मग पेट्रोल "संपलं" असं कसं म्हणायचं? ज्यानं टाकीचा काटा बघूनही गाडी पुढं दामटली त्याच्याच हातून ते संपलं. आमच्या युनिटात असं करणाऱ्या ड्रायव्हरला उस्ताद काय बोलले असते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

चर्चिलनं जानेवारी १९४२ मध्ये संसदेत त्याला मोठा सेनापती म्हटलं, हे खरंच आहे. पण तेव्हा चर्चिलची फौज मार खात होती, आणि समोरचा असामान्य आहे म्हटलं की आपली हार जरा सुसह्य होते. असा बाऊ होईल या भीतीपोटीच तिथला इंग्रज सरसेनापती औकिनलेकनं आपल्या अधिकाऱ्यांना बजावलं होतं की रोमेलला जादूगार करू नका, "शत्रू" म्हणा. हिटलरवर उलटण्याबद्दल थोडक्यात: १९३९ मध्ये पोलंडच्या मोहिमेत हिटलरच्या रक्षक तुकडीचा प्रमुख रोमेलच होता, त्याची कीर्ती गोबेल्सच्या प्रचारखात्यानं वाढवली, आणि हिटलरला मारण्याच्या जुलै १९४४ च्या कटात त्याचा हात किती यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. १४ ऑक्टोबरला त्याला विष घ्यायला लावलं गेलं. त्या मरणाचं वाईट वाटतं, पण त्यानं सेनापती म्हणून मोजमाप बदलत नाही.

मग मोठा कोण, असं पोरांनी लगेच विचारलं. मी म्हटलं, इंग्रज सेनापती विल्यम स्लिम. दोघांचं जन्मसालही एकच, १८९१.

स्लिमकडं ब्रह्मदेशातली फौज आली ती मार्च १९४२ मध्ये, हरलेली. त्यानं ती साधारण दीड हजार किलोमीटर मागं आणली, उपाशी, मलेरियानं पिळलेली, पण तुकड्या न मोडता. नंतरची दोन वर्षं त्यानं कशावर घालवली? गोळ्यांवर. मेपाक्रिन नावाच्या मलेरियावरच्या कडू, कातडी पिवळी करणाऱ्या गोळ्यांवर. एका जखमी जवानामागं १२० आजारी अशी त्याच्या सैन्याची गत होती. गोळ्या न देणाऱ्या तीन पलटणींचे कमांडर त्यानं घरी बसवले, आणि मग बाकीचे आपोआप सुधारले. पॅराशूटला रेशीम मिळेना, तर बंगालच्या तागाचे पॅराशूट शिवून घेतले. रस्त्याला खडी मिळेना, तर तागाच्या कापडाला डांबर लावून ते अंथरलं. हे सगळं लढाईच्या मागचं काम.

मार्च १९४४ मध्ये जपानचा सेनापती मुतागुची इम्फाळवर आला, सुमारे ८५,००० माणसं घेऊन. त्यानं सोबत तीन आठवड्यांचं धान्य घेतलं आणि गुरांचे कळप हाकले. बाकी इंग्रजांची कोठारं लुटून भागवू, हा बेत. रोमेलचाच बेत, फक्त वाळूऐवजी डोंगर. गुरं चिंदविन नदीत आणि घाटात मेली. सांगशाकला आपल्या पॅराट्रूपर्सच्या ब्रिगेडनं आणि मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीनं जपान्यांना जवळजवळ आठवडाभर रोखून धरलं, आणि त्या आठवड्यात कोहिमा सावरलं. स्लिमनं पाचवी डिव्हिजन आराकानहून विमानानं उचलून आणली, वेढलेल्या इम्फाळला आकाशातून खाऊ घातलं. २२ जूनला रस्ता मोकळा झाला. जपान्यांची पन्नास हजारांहून जास्त माणसं कामी आली किंवा जायबंदी झाली, आणि मेलेल्यांतले कितीतरी गोळीनं नाही, भुकेनं आणि रोगानं गेले. त्याच वाटेवर आझाद हिंद फौजेचे जवानही उपाशी चालत होते. त्यांच्या हालअपेष्टांना मुतागुचीचा हिशोब जबाबदार होता, हे लिहिताना माझा हात जड होतो.

स्लिम इंग्रज साम्राज्याचा नोकर होता, मग त्याला मोठं कशाला म्हणायचं, असं एका पोरानं विचारलं. रास्त प्रश्न. त्याच काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या देणगीमुळं "हैदराबाद" नाव मिळालेलं १५२ नंबरचं स्क्वॉड्रन ब्रह्मदेशावर उडत होतं, आणि निजामाच्या तिजोरीत आमच्या आज्यापणज्यांचा शेतसारा होता. तेव्हा राज्य चांगलं होतं असं माझं म्हणणं नाही. पण स्लिमच्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य जवान हिंदुस्थानी होते. स्लिम स्वतः गुरखा पलटणीतून आलेला, जवानाशी त्याच्या भाषेत बोलणारा. त्याच्या हिशोबामुळं आपली किती माणसं जिवंत घरी आली, हे मी सोडणार नाही. शिवाय कोहिमावर एवढी मोठी फौज येईल हे आपण ओळखलं नाही, ही आपली चूक, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. आणि १९४५ मध्ये त्यानं सगळ्यांचं लक्ष मंडालेकडं वळवून मागून मेइक्तिला घेतलं, मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मेइक्तिलाला काय होतं? जपान्यांची कोठारं, विमानतळ आणि रेल्वे. त्यानं शत्रूची रसद धरली.

रशियाचा सेनापती झुकोव्हचं नाव काढणाऱ्यांशी मी भांडणार नाही. रशियात डिव्हिजनांचे आकडे शेकड्यांत होते, आफ्रिकेत जर्मनांच्या तीन-चार. पण झुकोव्हनं माणसं ज्या हातानं खर्च केली तो हात मला पटत नाही.

येत्या रविवारी मी मैदानावर माझे दोन जुने जेरीकॅन घेऊन येतोय. ही चीज मूळ जर्मनांचीच, इंग्रजांचे पत्र्याचे डबे गळायचे म्हणून त्यांनी पकडलेल्या कॅनची नक्कल केली. वर तीन मुठी असतात, रिकामे असतील तर एका हातात दोन धरता येतात. दोन्ही कॅन काठोकाठ पाण्यानं भरून ठेवतो. ज्याला रोमेलवर बोलायचंय त्यानं दोन्ही हातांत एकेक घ्यावा, मैदानाची एक फेरी मारावी, आणि मग माझ्याशेजारी येऊन बसावं.