प्लास्टरमध्ये झाकून जाईल म्हणे!

कॉलमच्या पायाशी काँक्रीट पोकळ राहिलंय. बीमखालच्या फटीत विटांचे तुकडे नुसते कोंबलेत. बेडरूमच्या भिंतीत इलेक्ट्रिशियनने वायरच्या पाइपासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरकी झिरी मारून ठेवलीय. आणि या सगळ्यावर आमच्या कॉन्ट्रॅक्टरकडे उत्तर एकच, "ताई, प्लास्टरमध्ये झाकून जाईल." अहो, झाकून जाईल हीच तर माझी तक्रार आहे!

घर साताऱ्याजवळ, आमच्या स्वतःच्या जागेत बांधतोय. आम्ही राहतो पुण्यात, त्यामुळे आमचं जाणं रविवारचं. रोजचं बघायला सासरे आहेत, पण अण्णांचा स्वभाव असा की गवंड्याने चहा घेतला नाही तरी त्यांना वाईट वाटतं. ते कसले कुणाला बोलणार!

तर तो कॉलम. जिन्याजवळचा. सेंटरिंगचा साचा काढला तर खालच्या वीतभर भागात खडी उघडी, सिमेंटचा पत्ताच नाही. मी भेगेत पेन सारलं, निम्मं आत गेलं. सळई चक्क दिसतेय आणि तिला चिकटून गुटख्याची पुडी! म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी तळ कुणी साफ केला नाही आणि ओतल्यावर ते हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर खालपर्यंत पोचला नाही. कॉलमच्या सळईवर काँक्रीटचं ४० मिलिमीटर कव्हर हवं, इथे सळई हवा खात उभी. मिस्त्रीचा इलाज काय, तर घमेल्यात सिमेंटचा रबडा कालवून थापीने फासायचा. निघालाच होता फासायला. मी म्हटलं, आधी मोकळी खडी ठोकून काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, तो सांगेल त्या मालाने भरा. तर म्हणे, "तुम्हाला नाही कळायचं ताई, साहेबांना पाठवा." आमच्या साहेबांना ओळंबा आणि गुण्या यांतला फरक सांगता येत नाही. पण ते साहेब ना!

पाणी मारण्याचं तर बोलायलाच नको. पोत्यांवर स्वच्छ पीपीसी, म्हणजे राखेसारखं मिश्रण घातलेलं सिमेंट, असं छापलंय. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे असल्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान १० दिवस ओलावा हवा, शक्यतो १४. आमच्या कॉलमना गुंडाळलेलं गोणपाट तिसऱ्या दिवशी पापडासारखं वाळलेलं. विचारलं तर करारावर बोट, "पाणी मालकाचं लिहिलंय." पाणी मालकाचं म्हणजे टँकरचे पैसे मालकाचे! मालकाने पहाटे उठून नळी धरायची असा त्याचा अर्थ कुठल्या शाळेत शिकवतात? पण अण्णा गेलेच. रक्तदाबाची गोळी घेऊन, टोपी घालून, सकाळ-संध्याकाळ. कॉन्ट्रॅक्टरची माणसं सावलीत बसून मोबाइल बघतायत आणि घरमालक भिंतींना पाणी मारतोय, हा फोटो मला नणंदेने पाठवला तेव्हा माझ्या डोक्याची शीर उडायची बाकी होती.

आता ती झिरी. बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ खाली गेली तर उद्या भिंतीत खिळा ठोकताना वायर कुठे असेल याचा निदान अंदाज येतो. तिरकी मारली की काही फूट पाइप वाचतो, बस. तो वाचलेला पाइप माझ्या बिलातून वजा होणार आहे का? शिवाय भिंत चार इंची, तिला कटर न लावता छिन्नी-हातोडी. पलीकडच्या बाजूने विटा हलल्यात, हात लावून बघा. स्लॅबमध्ये टाकलेल्या दोन पाइपांत काँक्रीट शिरून ते बुजले, म्हणून खालून स्लॅब टोचायला घेतला होता या बहाद्दराने. कुणाला विचारून? कुणालाच नाही.

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरआधी चिकनमेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, मारायची, नाहीतर पुढे नेमकी तिथेच भेग पडते. हे मी काही शोध लावून सांगत नाहीये, कुठलाही बरा गवंडी सांगेल. आमच्याकडे ती जाळी "एक्स्ट्रा". बाथरूमच्या पाइपांची प्रेशर टेस्ट "नंतर". नंतर म्हणजे कधी, टाइल बसल्यावर?

एवढी घाई कशाची, तेही सांगते. आमचे हप्ते टप्प्यांवर बांधलेत: जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर. बँकही त्याच टप्प्यांवर कर्जाचे पैसे सोडते. वीटकामाचे पैसे घेऊन झाले, आता प्लास्टर उरकलं की पुढचा हप्ता हातात. त्यात घरच्यांचं वेगळंच, "वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला होईल ना?" मामी, तुम्ही पुरणपोळीला या, पण मला तारीख विचारू नका.

बिल्डरकडून फ्लॅट घेतला असता तर निदान रेरा कायदा तरी होता. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा, असं कायद्यात स्पष्ट आहे. स्वतःच्या जागेत ठेकेदाराकडून घर बांधणाऱ्याला ते कलम लागू नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, कबूल. पण पुरावा काय दाखवणार? गिलाव्याआड गेलेला कॉलम? राहतं घर फोडून?

म्हणून या रविवारी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढले. कुठला पाइप जमिनीपासून किती उंचीवर, कोपऱ्यापासून किती आत, सगळं. गवंडी हसत होते. हसा. संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरने आमच्या ह्यांना फोन करून सांगितलं की मॅडम कामात फार खोडे घालतात, अशाने माणसं पळून जातील. जाऊ देत! कॉलम इंजिनिअरसमोर दुरुस्त होईल, तिरकी झिरी बुजवून सरळ होईल, जाळी लागेल, पाइपांत पाणी भरून प्रेशर माझ्यासमोर बघितलं जाईल. मग थापी उचला. तोवर प्लास्टरसाठी आणून टाकलेला क्रश सँडचा ढीग दारात पडून राहू दे, आणि चेकबुक माझ्या पर्समध्ये.