काडी लावा म्हणणाऱ्यांना

हात इतके ओरबाडलेत की टाइप करताना बोटं चरचरतायत. पण आज हे लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

दिवाळीपासून मी दर शनिवार-रविवार गावी जातेय हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. देवगड तालुक्यातलं आमचं परडं, नऊ गुंठे. आई गेली त्याला अकरा वर्षं झाली आणि त्यानंतर तिथे कोणी कोयता लावला नव्हता. घराचा नुसता चौथरा उरलाय. मागे विहीर, दोन हापूस, एक रतांबा, पाच माड आणि कोपऱ्यात आईचा लाडका बरका फणस. हे सगळं तिथे आहे हे मला आठवत होतं, दिसत काहीच नव्हतं. दिसत होती ती रानमोडी, माझ्या डोक्यावर दोन हात वाढलेली. तिच्यात घुसलेली घाणेरी, घाणेरीवर चढलेला चिल्हार आणि त्या सगळ्यावरून पांघरूण घातल्यासारखी खाजकुयली.

आज संध्याकाळी साफ झालेल्या भागाचे चार फोटो भावकीच्या ग्रुपवर टाकले. विहिरीचा काठ दिसायला लागलाय, मला वाटलं सगळ्यांना आनंद होईल. पहिलं उत्तर आलं ते चुलतभावाचं: "कशाला मरतेस? तणनाशक मार, आठ दिवसांत खलास. नायतर माघात काडी लाव." त्याखाली पटापट सात अंगठे. एकाने जेसीबीवाल्याचा नंबरही पाठवला.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण ते वाचायच्या अर्ध्या तास आधी मी काकीच्या खळ्यात बसून चहा पीत होते.

काकी म्हणजे आमच्या पलीकडची. नात्याची नाही, शेजारची. वय अडुसष्ट. झालं असं की सकाळी आम्ही (मी आणि गावातला एक गडी) कापत कापत मागच्या हद्दीपर्यंत पोचलो. मला वाटत होतं, सगळ्यात वाईट तिथेच असणार, कारण तिकडे कोणाचं जाणं-येणं नाही. गडगाही (दगडी कुंपण) ढासळलेला. आणि तिथे एकदम रान संपलं. गडग्याच्या अलीकडे, आमच्याच हद्दीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच-सहा हात रुंद पट्टा मोकळा. फक्त यंदाचं गवत, गुडघाभर. घाणेरीची खोडं होती, पण जमिनीलगत तोडलेली, आणि त्यांच्यावर एक नाही, पुष्कळ घाव. जुने काळे पडलेले, त्यावर नवे. दरवर्षी कोणीतरी तिथे बसून कोयता चालवलाय हे न सांगता कळत होतं.

गडी म्हणाला, "काकी बेणता ह्या." बेणणं म्हणजे रान कापून साफ करणं.

मला आधी कळेचना. आमच्या हद्दीत? मग काम आटोपल्यावर तिच्याकडे गेले आणि विचारलं. पावसाआधी लाकडं आत घेतली असं सांगावं तितक्या सहज ती म्हणाली, "अगो बाय, तुमचा रान थयच रवता काय? माझ्या काजीत येता. मगे कोणीतरी बेणूक व्हया ना?" काजी म्हणजे तिची काजूची बाग.

आता मला सांगा, हे ऐकून आल्यावर "काडी लाव" वाचलं तर डोकं फिरणार नाही?

काडी लावा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी सड्यावरून (वरच्या कातळपठारावरून) खाली उतरणारा वणवा पाहिलाय? रानमोडी वाळली की नुसती काटक्यांची मोळी असते, तडतड आवाज करत पेटते. शेजारी काजू असेल तर खाली वाळका पातेरा, वर तेलकट झाड. हापूसला मोहोर आलेला असतो तो नुसत्या झळीने करपतो. आणि एवढं करून रानमोडी मरते का? नाही. तिचं बूड जमिनीत जिवंत राहतं आणि पहिल्या पावसात सगळ्यांच्या आधी तीच फुटते. जळतं ते बाकीचं. म्हणजे आगीने आपण तिलाच मोकळी जागा करून देतो. नावच रानमोडी आहे हो तिचं!

तणनाशकाचं तर बोलूच नका. आमची विहीर फवारायच्या जागेपासून बारा हातांवर आहे. त्याच पाण्यावर आमची अख्खी आळी वाढली. ग्लायफोसेट पानावर मारलं की मुळापर्यंत उतरतं, म्हणून तर लोकांना आवडतं. पण 2022 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनेच त्याच्या वापरावर निर्बंध आणले, परवानाधारक फवारणीवाल्याशिवाय मारू नये म्हणून. आणि आपल्याकडे? दुकानातून बाटली आणायची, अंदाजाने पंपात ओतायची, चड्डी-बनियनवर मारायची. मला आरोग्यसंघटनांचे अहवाल कोणाला वाचायला लावायचे नाहीत. विहीर आपली आहे, एवढं पुरे.

जेसीबी? नऊ गुंठ्यांत जेसीबी फिरवला की रान जाईल, आणि त्याच्यासोबत आईचं सगळं जाईल. काल चौथऱ्याच्या मागे घाणेरीच्या खाली मला भारंगी सापडली. तीच जागा. पहिला पाऊस पडला की आई तिथली कोवळी पानं खुडून भाजी करायची, आणि आम्ही कडू म्हणून तोंडं वाकडी करायचो. अकरा वर्षं काळोखात राहून ती भारंगी जिवंत आहे. मी तिथे चक्क खाली बसले. जेसीबीच्या फावड्याला भारंगी आणि घाणेरी यातलं काय कळणार?

हाताने काढायचं म्हणजे काय, हे मलाही आधी माहीत नव्हतं. गड्याने शिकवलं. रानमोडीला कळी धरायच्या आत कापायची. एकदा फुलली की उन्हाळ्यात तिचं म्हातारीसारखं बी वाऱ्यावर निघतं आणि गावभर जातं. कळी नसेल तर तीच माडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून घालता येते. घाणेरी वरून छाटून काही होत नाही, दुप्पट फुटते. तिचं खोड जमिनीखाली दोन-चार बोटं उकरून तिथून तोडायचं, नाहीतर पारयीने (पहारीने) मूळच उचकायचं. चिल्हाराला कधी ओढायचं नाही, त्याचे काटे आकड्यासारखे वळलेले असतात, ओढाल तेवढा धरतो. आधी बुडात तोडायचा, दोन दिवस वाळू द्यायचा, मग आकडीने खेचायचा. आणि हात घालायच्या आधी काठी आपटायची, पाय आपटायचे. आपल्याकडच्या दगडांत फुरसं, विषारी साप, असतं, हे शहरात राहून विसरायला होतं. गमबूट घातल्याशिवाय मी आत पाऊल टाकत नाही.

करवंदीची जाळी मात्र ठेवली. गड्यालाही आधी नवल वाटलं. काटे काय तिलाही आहेत, पण ती आपली आहे. मे महिन्यात करवंदं, बुलबुलाचं घरटं, आणि गुरांना अडवायला आपोआप वय, म्हणजे कुंपण. घाणेरी आणि रानमोडी दोन्ही अमेरिकेकडच्या. एकोणिसाव्या शतकात शोभेची म्हणून कलकत्त्याच्या बागेत आणली आणि तिथून सुटली ती आपल्या परड्यात येऊन बसली. घाणेरीची काळी फळं पाखरं खातात आणि बी सगळीकडे टाकतात, त्यामुळे एकाचं रान एकाचं राहत नाही.

आणि हेच मला सांगायचंय. एकाचं रान एकाचं राहत नाही.

"आमची जमीन आहे, पडीक ठेवू नाहीतर काही करू" हे वाक्य मी आपल्याच घरात शंभरदा ऐकलंय. मीही म्हटलेलं आहे. पण आमच्या रानात रानडुकरं राहतात आणि रात्री काकीचे कणगर (कंद) उकरतात. आमच्या रानातलं बी तिच्या भातखाचरात पडतं. मालक आम्ही, बेणणार ती. त्या पट्ट्याची मजुरी कोणी धरलीय? आज गड्याला मी सहाशे रुपये, चहा आणि जेवण देते. काकीला कोणी चहा तरी विचारला?

बरं, मजूर मिळत नाहीत, हे खरं आहे. नोकरी सोडून कोणाला येता येत नाही, हेही खरं. ठाण्याहून आठ-दहा तास प्रवास करून दोन दिवसांसाठी यायचं, मान्य. पण मी तर कणकवलीत राहते ना! तासाभराचा रस्ता. अकरा वर्षं मी त्या वाटेने लग्नांना गेले, जत्रेला गेले, देवळात नारळ ठेवून परत आले. बेड्यापाशी (परड्याच्या फाटकापाशी) गाडी थांबवून आत डोकावले आणि "अरे देवा, किती वाढलंय" म्हणून निघून गेले.

चहा पिताना काकीने पुढचं सांगितलं, ते माझ्या घशातून अजून खाली उतरलेलं नाही. सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये सड्यावर कोणीतरी गवत जाळलं. आग खाली उतरली, आमच्या परड्यात शिरली, आणि आमच्या रानमोडीवरून चढून तिच्या काजीत गेली. चौदा झाडं. लावल्याला बारा वर्षं झालेली, भरात आलेली. तेव्हापासून ती दर माघात तो पट्टा काढते. शिमग्याच्या आत झालाच पाहिजे म्हणाली.

मला ती आग आठवते. गावच्या ग्रुपवर फोटो आला होता, रात्रीचा, सगळं लाल. मी खाली हात जोडलेली खूण टाकली होती. ती आग आमच्याच परड्यातून गेलीय हे विचारायचंही मला सुचलं नाही, आणि तिने कधी सांगितलं नाही.

"काकी, एक फोन तरी करायचा होतास," मी म्हटलं.

ती म्हणाली, "सांगान काय करतलंय? तुमी येतलास काय?"

रागाने नाही म्हणाली. त्यामुळेच जास्त लागलं.

2005 च्या कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. आमच्याकडेही सातबाऱ्यावर माझं नाव भावांच्या बरोबरीने लागलं, त्यासाठी मी घरात भांडलेही आहे आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण त्या उताऱ्यावर आम्ही नऊ नावं आहोत आणि नऊ जणांनी मिळून अकरा वर्षांत जेवढं केलं नाही तेवढं जिचं नाव त्यावर नाही तिने केलं.

मी चिडून लिहायला बसले होते, आता तेवढी चिडलेली नाही. चुलतभावाला ग्रुपवर उत्तर दिलेलं नाही. तो वाईट नाही, आईच्या आजारपणात दोन रात्री दवाखान्यात बसला होता, ते मी विसरणार नाही. पण दादा, तू हे वाचशीलच, म्हणून इथेच सांगते. काडी लागणार नाही. औषध मारलं जाणार नाही. आणि यंदा माघातला पट्टा काकी काढणार नाही, आपण काढणार. नऊ जणांपैकी जो येईल त्याने गमबूट आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट आणावा, जेवणाचं मी बघते. येणं शक्य नसेल तर दोन दिवसांच्या गड्याचे पैसे पाठवावेत. पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा लागेल, कारण घाणेरीचं बी उगवून येणार आणि तेव्हा ती मऊ मातीतून नुसती हाताने निघते. पुढची दोन-तीन वर्षं हे करावंच लागेल, गडी म्हणतो.

निघताना मी काकीला सांगितलं की या वर्षी तू नाही बेणायचंस. ती हसली. "बघूया," म्हणाली. मग गाडीपर्यंत आली, मागच्या सीटवर दोन नारळ ठेवले आणि म्हणाली, "येताना कानस हाड गो. माझ्या कोयत्याची धार गेली."

शनिवारी सकाळी सहाला निघतेय. कणकवलीत चांगली कानस कुठे मिळते, कोणाला माहीत असेल तर खाली लिहा. मला दोन घ्यायच्यात.