वजनकाटा आणि शेंगदाण्यांचा डबा

व्यायाम सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत वजन वाढले तरी घाबरू नये, हे वजन वाढण्याच्या कारणांवर तुम्ही छापलेल्या लेखातील म्हणणे योग्यच आहे. मात्र त्याचे कारण ‘स्नायू वाढतात’ एवढ्यावर सोडून दिले आहे, ते पटले नाही. पंधरा दिवसांत दीड किलो स्नायू तयार होत नाहीत. सवय नसलेल्या स्नायूंवर ताण पडला की ते किंचित सुजून पाणी धरून ठेवतात, शिवाय त्यांच्यातील ग्लायकोजेनचा, म्हणजे राखीव साखरेचा, साठा वाढतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही साठते.

माझ्या बाबतीत मात्र दोष पाण्याचा नव्हता. शिवाजी पार्कला रोज पहाटे तासभर चालूनही महिनाभरात दोन किलो वाढले, तेव्हा वडापाव सोडल्याच्या समाधानात मी ‘पौष्टिक’ म्हणून ऑफिसात नेत असलेले भाजके शेंगदाणे पत्नीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पाहिले. ते भरले १०० ग्रॅम, म्हणजे साडेपाचशेहून अधिक कॅलरी. तासभराच्या चालण्यात त्यांतल्या जेमतेम निम्म्या खर्च होतात. एवढ्यात वडापाव खाऊन झाला असता, असे ती म्हणाली, आणि मला त्याचेच अधिक वाईट वाटले.

वजनवाढीबरोबर सततचा थकवा, बद्धकोष्ठता किंवा थंडी सहन न होणे अशी लक्षणे असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने थायरॉईडची तपासणी करावी, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. मुंबईच्या मे महिन्यात थंडी वाजत असेल, तर नक्कीच.