‘हिरवं सरबत, तेही पाणचट’: तुमच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर,

गच्चीवरच्या पार्टीनंतर तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की आमचा हिरवा कॉकटेल सुरुवातीला निव्वळ गोड सरबत वाटला, वोडका जाणवलीच नाही. दहानंतर तो पाणचट आणि मातकट झाला. सिरपऐवजी किवी-पुदिना वापरायला हवा होता. आणि आमच्या बारटेंडरने पाहुण्यांना तिसरा ग्लास देताना खळखळ केली, तुमच्या २२ वर्षांच्या भाच्याला तर पहिलाही दिला नाही. हे पेय पार्ट्यांसाठी बरेच जण मागतात, म्हणून पूर्ण प्रमाणासकट उत्तर देतो. तुम्हाला पुढच्या वेळी ते घरी करायचं असेल तरी उपयोगी पडेल.

आधी वोडकाचा हिशेब. आम्ही मद्य विकत नाही. बाटल्या आणि परवाना यजमानाचा. मिसळायचे रस आणि सिरप, बर्फ, ग्लास आणि माणूस आमचा. तुम्ही ७५० मिलीच्या दोन बाटल्या दिल्यात आणि त्या पूर्ण मिश्रणात गेल्या. १५०० मिली वोडका, १८७५ मिली अननसाचा रस, ५०० मिली लिंबाचा रस, ३७५ मिली हिरवं मेलन सिरप, १२५ मिली ब्लू क्युरासाव (संत्र्याच्या सालीच्या स्वादाचं निळं) सिरप आणि अर्धा चमचा मीठ, असं पावणेपाच लिटरच्या आत बसणारं हे २५ ग्लासांचं माप आहे. प्रत्येक ग्लासात १७५ मिली मिश्रण, त्यात वोडका ६० मिली. म्हणजे एक लार्ज पेग. आपल्याकडची वोडका ४२.८ टक्क्यांची असते, त्यामुळे मिश्रणाची ताकद साधारण १४.७ टक्के येते. शेकरमध्ये बर्फासोबत बारा सेकंद हलवल्यावर त्यात ४०-४५ मिली पाणी उतरतं आणि ग्लासात पावणेबारा टक्क्यांचं पेय पडतं, जवळपास वाइनइतकं.

तरी वोडका का जाणवत नाही? गारवा, साखर आणि आंबटपणा हे तिन्ही मिळून मद्याची जळजळ झाकतात, आणि वोडकाला स्वतःची चव जवळजवळ नसतेच. या पेयाची गंमतही तीच आणि धोकाही तोच. जिभेला सरबत लागतं म्हणून वोडका वाढवत गेलात तर चव बिघडायच्या आधी माणसं बिघडतात. गोड वाटत असेल तर सिरप कमी करा, ग्लासमागे १५ मिलीचं १० मिली, किंवा लिंबू ५ मिलीने वाढवा. अननसाचा रस घेताना पॅक उलटवून बघा. ‘ड्रिंक’ लिहिलेल्या पॅकमध्ये रस थोडा आणि साखर भरपूर असते. आपल्याला ‘१०० टक्के ज्यूस’ लिहिलेला हवा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे दुकानात मिळणारं ब्लू क्युरासाव बहुतेकदा बिनदारूचं सिरप असतं, लिकर (म्हणजे गोड, स्वादाचं मद्य) नव्हे. परदेशातल्या पाककृतीत लिकर धरलेलं असतं आणि आपण तेवढंच सिरप ओततो. मग पेय डबल गोड आणि अर्धं कडक होतं.

आता पाणचटपणा. तुम्हीच लिहिलंय की पेय कमी पडेल म्हणून मंडळींनी डिस्पेन्सरमध्ये (मिश्रणाच्या नळाच्या भांड्यात) दोन पिशव्या बर्फ आणि फ्रीजमधला संत्र्याचा ज्यूस ओतला. आमचा डिस्पेन्सर बर्फाच्या टबात उभा असतो तो याच कारणासाठी. बर्फ बाहेरून लागला पाहिजे, आत नाही. भरलेल्या डिस्पेन्सरमध्ये दोन किलो बर्फ वितळला तर ४३७५ मिलीचं ६३७५ मिली होतं. तोच ग्लास भरला तर त्यात ६० ऐवजी ४१ मिली वोडका येते, आणि वर शेकरमधलं पाणी धरलं की ताकद आठ टक्क्यांवर, स्ट्राँग बिअरच्या पातळीला येते. लिंबू आणि अननसही तेवढेच पातळ होतात, म्हणून नुसतं कमकुवत नाही तर बेचव लागतं.

कडकपणा टिकवायचा तर वोडका नव्हे, पाणी मोजावं लागतं, हे आम्ही प्रत्येक यजमानाला सांगतो. उन्हाळ्यात तीस अंशांवर असलेलं एवढं मिश्रण थेट बर्फाने गार करायला गेलं तर नुसतं गार होण्यातच दीड किलोच्या आसपास बर्फ विरघळून जातो. म्हणून सगळे रस आणि वोडका आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवायचे. घरी शेकर नसेल तर या मापात एक लिटर थंड पाणी मोजून घालायचं, चार तास फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मोठ्या खड्यांच्या बर्फावर ओतायचं. चुरा बर्फ दिसायला छान, पण काही मिनिटांत पाणी करतो. पार्टी लांबणार असेल तर अननसाच्या रसाचेच क्यूब जमवून ठेवा. ते वितळले तरी चव पातळ होत नाही. लिंबं मात्र त्याच दिवशी पिळा, आणि साल चेपून शेवटचा थेंब काढू नका. सालीतलं तेल उतरलं की कडवटपणा येतो आणि तो साखरेने जात नाही.

रंग मातकट झाला तो संत्र्यामुळे. फिकट पिवळा अननस आणि निळं सिरप मिळून स्वच्छ हिरवा रंग येतो. संत्र्याच्या रसात तांबूस छटा असते. ती निळ्याला भिडली की हिरवा मरतो आणि खाकी उरतो. क्रॅनबेरीने तर तपकिरी होतं. निळ्या सिरपचं प्रमाणही जपावं लागतं: ग्लासमागे ५ मिली पुरे, १० झालं की पेय मोरपिसी दिसू लागतं.

किवी आणि पुदिन्याची तुमची सूचना आम्हालाही आवडते, पण डिस्पेन्सरमध्ये ती चालत नाही. दोन्हींचा हिरवेपणा हरितद्रव्याचा. लिंबाच्या आम्लात त्या द्रव्यातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि रंग शेवाळी-तपकिरी होतो. शिवाय किवी मिक्सरमधून काढला की बिया फुटून कडवट लागतो. ताज्या किवीचा ग्लास हवाच असेल तर अर्धा किवी आणि पुदिन्याची सहा-सात पानं त्या त्या वेळी शेकरमध्ये हलक्या हाताने चेपून गाळायची आणि लगेच प्यायची. पुढच्या वेळी दहा-बारा पाहुण्यांपर्यंत आम्ही तसं आनंदाने करून देऊ. खर्च चालत असेल तर मेलन सिरपऐवजी मेलन लिकर आणा. सनटोरीची मिदोरी त्यातली सर्वांत ओळखीची, साधारण २० टक्क्यांची. ती ग्लासमागे ३० मिली घेतलीत तर वोडका ४५ मिलीवर आणा. एकूण मद्य जवळपास तेवढंच राहतं आणि फळाचा वास कितीतरी चांगला येतो.

तिसऱ्या ग्लासाबद्दल आमचा बारटेंडर बरोबर होता आणि पुढेही तो असाच वागेल. दोन ग्लास म्हणजे चार छोटे पेग. शरीर साधारण तासाला एक छोटा पेग पचवतं, आणि हे पेय सरबतासारखं लागत असल्याने लोक ते वीस मिनिटांत संपवतात. परिणाम पूर्ण चढायच्या आत पुढचा ग्लास हातात आलेला असतो. वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. मध्यम बांध्याच्या माणसाने हा एक ग्लास पटकन प्यायला तरी ती ओलांडली जाऊ शकते. म्हणूनच तो गाडीची चौकशी करतो आणि दोन ग्लासांमध्ये पाणी आणि खायला पुढे करतो. शेंगदाणे-चकल्यांपेक्षा पनीर टिक्का किंवा कबाब आधी फिरवलेत तर जास्त बरं.

भाच्याला वाईट वाटलं याचं आम्हालाही वाईट वाटतं. पण महाराष्ट्रात वोडका, रम, व्हिस्कीसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, २१ ची अट सौम्य बिअर आणि वाइनपुरती. घरची पार्टी असली तरी आमचा माणूस ती मोडणार नाही. त्याला दिलेला ग्लास नुसता रंगीत सोडा नव्हता: ९० मिली अननस, २० मिली लिंबू, १५ मिली मेलन सिरप, ५ मिली निळं सिरप, चिमूटभर मीठ आणि वरून ९० मिली गार सोडा. हा सोडा शेवटी घालून एकदाच चमच्याने वर-खाली करायचा, शेकरमध्ये कधीच नाही, नाहीतर झाकण उडतं.

तुमच्याकडे मेलन सिरपच्या दोन बाटल्या न उघडता राहिल्या आहेत. त्या परत पाठवल्यात तर त्यांचे पैसे आम्ही देऊ. ठेवणार असाल तर उघडल्यानंतर फ्रीजमध्ये ठेवा आणि लेबलवरच्या मुदतीत संपवा.