'नैसर्गिक, म्हणून निर्धोक': इसेन्शियल ऑइलविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

समाजमाध्यमांवर सतत फिरणारा एक संदेश असे सांगतो की, इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींतून काढलेले तीव्र सुगंधी तेल, शंभर टक्के नैसर्गिक असल्याने त्यापासून अपाय होत नाही. ते थेट चेहऱ्यावर लावावे. जळजळ झाली तर शरीरातील विषारी द्रव्ये बाहेर पडत आहेत असे समजावे. आणि आपल्या आज्या अभ्यंगाला हीच तेले वापरत असल्याने तान्ह्या बाळालाही ती चालतात. या तेलांचा सुगंध आणि त्यांचे काही मर्यादित गुण मला मान्य आहेत. संदेशातील दावे मात्र मान्य करता येत नाहीत.

पहिला दावा नैसर्गिकतेचा. बिब्बाही नैसर्गिकच आहे आणि तो अंगावर उतला म्हणजे काय होते, हे गावाकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय बाटलीतील द्रव झाडात असतो त्या प्रमाणात नसतोच: एक किलो गुलाबतेलासाठी काही टन पाकळ्या लागतात. शुद्ध तेल म्हणजे अधिक तीव्र तेल, इतकाच त्याचा अर्थ.

'थेट लावा' या सल्ल्यासाठी मुरुमांवरील टी ट्री तेलाचा (एका ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांच्या तेलाचा) दाखला दिला जातो. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियात 124 रुग्णांवर झालेल्या चाचणीत या तेलाचा उपयोग खरोखरच दिसला. परंतु तेथे वापरले होते ते 5 टक्क्यांचे जेल, आणि त्याचा परिणाम बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवरील नेहमीच्या औषधापेक्षा उशिरा, पण कमी त्रासासह दिसला. म्हणजे ज्या पुराव्याचा आधार घेतला जातो, तोच पातळ केलेल्या तेलाचा आहे. चेहऱ्यासाठी सर्वसाधारण शिफारस 1 टक्क्याची, म्हणजे 30 मिलिलिटर तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात सुमारे 6 थेंबांची आहे. अंगाच्या मालिशसाठी 2 ते 3 टक्के चालतात, आणि लवंग व दालचिनी यांसारख्या उग्र तेलांसाठी ही मर्यादा आणखी खाली येते. अंघोळीच्या पाण्यात नुसते थेंब टाकल्यानेही तेल पातळ होत नाही, कारण ते पाण्यावर तरंगते आणि त्वचेला जसेच्या तसे लागते.

जळजळीबाबतचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो धोक्याच्या सूचनेलाच गुण ठरवतो. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. लालसर, खाजणारी त्वचा हे क्षोभाचे किंवा ॲलर्जीचे लक्षण आहे. अशी ॲलर्जी एकदा जडली की ती बहुधा कायमची असते, आणि मग त्याच घटकाचा साबण किंवा अत्तरसुद्धा त्रास देऊ लागते. लॅव्हेंडरमधील लिनालूल आणि संत्र्याच्या तेलातील लिमोनीन हे सुगंधी घटक हवेशी संयोग पावून अधिक ॲलर्जीकारक बनतात, त्यामुळे खिडकीत वर्षभर उघडमीट होत राहिलेली बाटली मालिशला घेऊ नये. जळजळ झालीच, तर ती जागा आधी साध्या खाद्यतेलाने पुसून मग साबणाने धुवावी.

लिंबाच्या तेलाने डाग जातात, असेही त्याच संदेशात आहे. सालीतून दाबून काढलेल्या लिंबूवर्गीय तेलांत, विशेषतः बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात, फ्युरोकुमारिन नावाची, उन्हात त्वचेला अपाय करणारी द्रव्ये असतात. असे तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजते आणि नवेच काळे डाग पडतात.

आता आज्यांविषयी. अभ्यंगाचे तेल म्हणजे तिळाचे किंवा खोबरेल तेल, अथवा वैद्याकडचे सिद्ध तेल. सिद्ध तेलाच्या पारंपरिक पाकात एक भाग कल्क (वाटलेल्या वनस्पतींचा गोळा), चार भाग तेल आणि सोळा भाग द्रव घेऊन पाण्याचा अंश संपेपर्यंत मंद आचेवर आटवतात; वनस्पतीतील उडून जाणारा सुगंधी अंश या आचेवर बराचसा निघूनच जातो. इसेन्शियल ऑइलमध्ये नेमका तोच अंश, बहुधा ऊर्ध्वपातनाने (वाफ करून ती थंड करून), गोळा केलेला असतो. म्हणून नारायण तेलासारखे सिद्ध तेल आणि निलगिरीचे तेल यांना एकाच परंपरेत बसवणे परंपरेलाही न्याय देणारे नाही.

परंपरेतील एक गोष्ट मात्र खरोखर तपासायला हवी, ती म्हणजे सर्दी झालेल्या बाळाच्या छातीला खोबरेल तेलात विरघळवलेला कापूर चोळणे. कापूर त्वचेतून शोषला जातो आणि पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात. अमेरिकेत त्वचेवर लावायच्या औषधांत तो 11 टक्क्यांपेक्षा अधिक ठेवण्यास परवानगी नाही. पेपरमिंटमधील मेन्थॉल तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ लावल्यास त्याचा श्वास अडखळू शकतो. दोन वर्षांखालील मुलाच्या मालिशला म्हणूनच साधे तेल घ्यावे आणि कापूर, निलगिरी, पेपरमिंट यांच्या बाटल्या त्याचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवाव्यात.